हरणाच्या शिकारीला स्वस्तातली पण खरंच चांगली सुरी कुठली? (बजेट ४० डॉलर)

गारठलेला_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये असतो, आजूबाजूला सगळी मक्याची शेतं आणि गाईंचे गोठे. शेजारचे आजोबा गेली तीन वर्षं मला हरणाचं मटण आणून देतात, यंदा म्हणाले फुकट खाणं बंद, आता बरोबर यायचं. इथे थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरचा सण) आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीचा सीझन असतो. हंटर एज्युकेशनचा कोर्स केला (१९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सक्तीचा आहे), लायसन्स काढलं, ते डोळ्यात खुपणारं नारिंगी जाकीट पण घेतलं. बंदूक आजोबांची. सुरी मात्र ज्याची त्याने आणायची असं त्यांचं म्हणणं.

तर मी शहाणपणा करून हायवेवरच्या पंपावरून १८ डॉलरची एक सुरी उचलली. पाठीला करवतीचे दात, मुठीत होकायंत्र, पात्यावर 'सर्जिकल स्टेनलेस' कोरलेलं, एकदम सिनेमातली. घरी दोन अख्ख्या कोंबड्या आणून ट्रायल घेतली. पहिली कशीबशी झाली, दुसरीच्या कातडीवरून नुसती घसरायला लागली आणि सांध्यात घातली तर धार चक्क एका बाजूला वळली, नखाला लागते. बायको म्हणाली यापेक्षा आपली विळी घेऊन जा.

ऑनलाइन बघावं तर १२ डॉलरपासून ३०० पर्यंत, आणि सगळ्यांना साडेचार स्टार. ४० च्या आत काही मिळेल का की उगाच हट्ट करतोय?

उत्तरध्रुव
मिळेल की. मी स्वीडनला आहे, इथे सुतार, इलेक्ट्रिशियन, प्लंबर सगळ्यांच्या कमरेला मोराची सुरी लटकत असते. मोरा हे डालार्ना भागातलं गाव, ते लाल लाकडी घोडे बनतात ना त्याच भागात, तिथे १८९१ पासून कारखान्यात सुऱ्या बनतायत. त्यांचं कम्पॅनियन नावाचं मॉडेल बघा, पातं जेमतेम १० सेंटिमीटर, रबरासारखी मूठ, प्लास्टिकचं म्यान. दिसायला अगदी खेळण्यातलं वाटतं आणि अमेरिकेत १५-२० डॉलरला मिळत असावं. आमच्या ऑफिसात मूसच्या (इथलं मोठं हरीण) शिकारीच्या आठवड्यात अर्धी माणसं सुट्टीवर असतात, त्यातल्या बऱ्याच जणांकडे हीच असते. महागड्या पण असतात, पण त्या मोस्टली गिफ्ट आलेल्या.

त्यात स्टेनलेस आणि कार्बन असे दोन प्रकार येतात. तुम्ही नवीन आहात तर स्टेनलेस घ्या, कार्बनला धार पटकन लागते पण रक्त लागून रात्रभर राहिली की सकाळी डाग. कैरी चिरल्यावर विळी काळी पडते तसंच.

एक उणीव सांगते, त्याचं पोलाद मुठीत शेवटपर्यंत जात नाही. म्हणून तिच्यावर दगड मारून लाकडं फोडू नका. कापायला घेतलीय, कापा.

लोहाराचा_नातू
दादा तुमची पहिली सुरी का गंडली ते सांगतो, कारण ते कळलं की कुठलीही सुरी घेताना फसणार नाही. आमचा आजा सांगली भागात उसाचे कोयते बनवायचा, ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचे. पोलाद तेच, पाटा तोच, पण शेजारच्या गावातला कोयता दोन दिवसांत बोथट व्हायचा आणि आज्याचा आठवडा काढायचा. फरक सगळा पाणी देण्यात. पातं लाल करायचं, लोहचुंबक चिकटायचं बंद झालं की समजायचं वेळ झाली, मग तेलात बुडवायचं. एवढ्यावर सोडलं तर काचेसारखं तडकतं, म्हणून पॉलिश मारून परत हळूहळू तापवायचं आणि पात्यावर फिक्या गवतासारखा पिवळा रंग सरकत आला की थांबायचं. तो रंग मला अजून आठवतो, दोन सेकंद उशीर झाला की जांभळा होतो आणि मग धार मऊ. आजा त्या वेळी कुणाला बोलू द्यायचा नाही.

पंपावरच्या सुरीत हेच झालेलं नसतं. 'सर्जिकल स्टेनलेस' म्हणजे कुठलं पोलाद हे कुणी सांगू शकत नाही, तो नुसता शब्द आहे. कंपनी पोलादाचं नाव सांगत असेल (१२सी२७, ४२०एचसी, १०९५ वगैरे) आणि रॉकवेल (कडकपणाचं माप) ५६ ते ५८ च्या आसपास कडकपणा लिहीत असेल तर निदान लपवाछपवी नाही. सुरी घरी आली की बारीक कानस धारेजवळ हलकेच घासून बघा, कानस घसरली तर पाणी नीट बसलंय, लोण्यासारखी चावली तर परत पाठवा.

आणि ते जत्रेत, ऑनलाइन मिळणारं लाटालाटांचं 'दमास्कस' २५ डॉलरवालं, त्याच्या नादी लागू नका. नक्षी दिसते, आत काय वापरलंय ते दिसत नाही.

पुणेरी_शाकाहारी
हरणाला मारायला जाताय आणि सुरीची क्वालिटी विचारताय. धन्य.

गारठलेला_सोलापूरकर
@पुणेरी_शाकाहारी तुमचं मत कळलं. हरणं इथे इतकी झालीत की गाडीखाली येतात, आणि मारलेलं सगळं खाल्लं जातं. यावर वेगळा धागा काढा, मी येतो वाद घालायला.

@लोहाराचा_नातू कानस लोण्यासारखीच चावली 😐 पैसे गेले. आजोबांकडे पितळी टोकांची, लाकडी मुठीची घडीची बक ११० आहे, १९७० च्या आसपासची, पातं घासून घासून निम्मं झालंय. तसलीच घेऊ का?

टेक्सासवाला_बापू
बक ११० एक नंबर आहे, १९६४ पासून तीच चाललीय, पोलाद ४२०एचसी पण त्यांचं हीट ट्रीटमेंट (पाणी देणं) जबरी. फक्त ४० च्या वर जाईल, वजन दोनशे ग्रॅम, आणि घडीची असल्यामुळे रक्त चरबी सांध्यात जाऊन बसते ती टूथब्रशने काढत बसावी लागते, मी एकदा तशीच ठेवली आणि आठवड्याने गाडीत कसला वास येतोय म्हणून सगळी गाडी उपसली. पहिल्याला सरळ फिक्स्ड (बिनघडीची) घे भावा.

आता खरं सांगतो, सगळे सुरीवर बोलतात, पद्धतीवर कोणी बोलत नाही. हरणाचे केस जाड आणि मातीने भरलेले असतात, बाहेरून कातडं कापत बसलास तर कुठलीही सुरी मरते. छोटं भोक पाड, पातं आत घालून धार वर कर आणि आतून बाहेर कापत जा. पोट उघडताना डाव्या हाताची दोन बोटं व्ही सारखी आत घालून आतडी खाली दाबायची, पातं त्या दोन बोटांच्या मधून पुढे सरकवायचं. आतडं फुटलं तर मटणाची वाट. यासाठी तीन-साडेतीन इंचाचं पातंच बरं, सहा इंच घेतलंस तर टोक आत कुठे चाललंय ते दिसत नाही. पाठीला आकडा असलेल्या सुऱ्या येतात पोट फाडायला, त्यात केस अडकतात आणि आकड्याला धार लावणं म्हणजे शिक्षा.

हाडावर सुरी आपटू नकोस, छोटी करवत ठेव. आणि तुमच्याकडे हरणांना तो मेंदूचा सीडब्ल्यूडी रोग आहे, २००२ पासून सापडतोय, तर रबरी ग्लोव्हज घाल, मणका न् डोकं कापू नको, राज्य सरकार फुकट टेस्ट करतं ती करून घे.

घरी आल्यावर हाडं सोडवायला खाटकाची सहा इंची बोनिंग नाइफ घे, व्हिक्टोरिनॉक्सची प्लास्टिक मुठीची. मटणाच्या कारखान्यांत तीच असते, २५-३० डॉलर. मोरा आणि ही, दोन्ही मिळून बजेटच्या थोडं वर जाशील पण दोन वेगळी कामं आहेत.

कोकणातला_नाम्या
मध्येच विचारतो, असली सुरी गावी आणली तर चालते काय? आंब्याच्या बागेत उपयोगी पडेल.

लोहाराचा_नातू
@नाम्या बागेसाठी चालेल, चेक-इन बॅगेत टाकायची, हातातल्या बॅगेत नाही. ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पातं असेल तर ते शस्त्रात येऊ शकतं, घरगुती आणि शेतीकामाची हत्यारं सोडून. मोरा त्याच्या निम्मी पण नाही. शिकार मात्र आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने बंद, सुरी चांगली आहे म्हणून सशाकडे बघू नकोस.

विळीवाली
कोणी धारेचं बोललंच नाही! नवीन सुरी आणली तरी दोन वर्षांनी ती पंपावरचीच होणार. माझ्याकडे दगड नाही, मी कपाच्या उलट्या बाजूची खरखरीत कड असते ना चकाकी नसलेली, तिच्यावर घासते, वीस वेळा या बाजूने वीस वेळा त्या बाजूने, मग जुन्या चामडी पट्ट्यावर उलटी ओढते. कागद धरून कापून बघायचं, फाटला तर परत. मोराला बाजूला रुंद सपाट उतार असतो तो अख्खाच्या अख्खा दगडावर टेकवायचा, कोन मोजायची भानगड नाही, शिकायला सोप्पं.

गारठलेला_सोलापूरकर
अपडेट द्यायचा राहिला होता. मोरा स्टेनलेस आणि बोनिंग नाइफ घेतली, मिळून ४६ डॉलर. रविवारी सकाळी मादी मिळाली, माझ्या नाही, आजोबांच्या गोळीने, मी आधी एक चुकवली होती. पण साफ मी केली. थंडी उणे आठ, ग्लोव्हजवर रक्त गोठत होतं, बापूंचं दोन बोटांचं अक्षरशः पाठ करून गेलो होतो, आतडं फुटलं नाही. आजोबांनी आधी माझी पिवळी-काळी सुरी बघून तोंड वाकडं केलं, नंतर मागचे पाय सोलताना त्यांची बक घसरायला लागली तेव्हा काही न बोलता हात पुढे केला. अजून परत दिलेली नाही 😄

टेस्टचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. आता फ्रीजर भरलाय आणि खांद्याचं मटण शिजत नाहीये, कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी चामडं. किती करायच्या?

विळीवाली
जून मादी असेल तर सात. आणि आधी पपई चोळून ठेवा, तिकडे कच्ची मिळत नसेल तर दही.