मॉर्फिन लिहून दिले आहे, पण पत्नी ते घेत नाही

सांजवारा : पत्नीचा कर्करोग चौथ्या टप्प्यात आहे. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत, परंतु वेदना असह्य झाल्याशिवाय ती गोळीला हात लावत नाही. रात्री मी झोपलो आहे असे तिला वाटावे म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. बहुधा तीही तेच करते. तिला कसे पटवावे, एवढेच मला विचारायचे आहे. कृपया लवकर सांगावे.

उंबरठा : रोग मूळचा कुठला आणि तो कुठे पसरला आहे? गोळी किती तासांनी घ्यायची आहे? मूत्रपिंडे नीट चालत आहेत ना? आणि ती नको का म्हणते?

सांजवारा : स्तनाचा आहे, पाठीच्या कण्यात गेला आहे. गोळी दर चार तासांनी घ्यायची आहे. मूत्रपिंडांचे अहवाल ठीक आहेत. कारण काय असणार? मॉर्फिन म्हणजे शेवट, असेच तिला वाटत असणार.

जुनीवही : तिचे बरोबरच आहे. एकदा सवय लागली की सुटत नाही. आमच्याकडे आम्ही शेवटपर्यंत साध्या वेदनाशामकांवर निभावले.

उंबरठा : निभावले कोणी, आपण की रुग्णाने? वेदना उसळण्याची वाट न पाहता घड्याळ लावून औषध द्यावे, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच सांगितले आहे. वेदनेसाठी नेमून दिलेल्या मात्रेत घेतलेले मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे.

किनारा : माझ्या यजमानांच्या हाडांतील वेदना किरणोपचाराच्या एकाच बैठकीने पुष्कळ कमी झाल्या, मात्र फरक जाणवायला तीन आठवडे लागले. आपण गोळ्यांचा हट्ट सोडून आधी तेच विचारावे.

उंबरठा : विचारावे जरूर, पण ते तीन आठवडे तिने कशाच्या आधारावर काढायचे?

हिशेबनीस : बँकेतील नामनिर्देशन आणि मृत्युपत्र आताच उरकून घ्यावे, नंतर फार धावपळ होते.

किनारा : त्यांनी हे विचारलेले नाही.

पायरव : मी अशा रुग्णांची शुश्रूषा करते. मॉर्फिनमुळे येणारी गुंगी आणि मळमळ बहुतेकांची काही दिवसांत ओसरते; बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून रेचक पहिल्या गोळीबरोबरच सुरू करावे लागते. ते दिले आहे का? तिला शौचास कधी झाले होते? रोग कण्यात असल्यामुळे हेही विचारते की पायांतले बळ कमी झाले आहे का, बधिरपणा आहे का, लघवी अडते किंवा नकळत होते का? यांपैकी काहीही असेल तर मज्जारज्जूवर दाब येत असू शकतो. तसे असल्यास सकाळची वाट पाहू नका, आत्ताच रुग्णालयात न्या.

सांजवारा : रेचक दिलेले नाही. बाकीचे तिला विचारतो.

सांजवारा : विचारले. पाय ठीक आहेत, लघवीचीही तक्रार नाही. पाच दिवस शौचास झालेले नाही. पहिल्या दोन गोळ्यांनंतरच पोट गच्च झाले, म्हणून ती टाळत होती आणि मला सांगायला तिला संकोच वाटत होता. शेवटाविषयी ती काही बोलली नाही, ते माझेच होते. डॉक्टरांना दूरध्वनी केला. त्यांनी लगेच तपासायला बोलावले आहे. आम्ही निघत आहोत.