खांदा धरलाय, जवळपास चांगल्या फिजिओ कोण?

सी ४०२ कुलकर्णी काकू: नमस्कार मंडळी 🙏 आपल्या भागात चांगल्या फिजिओ कोणाला माहीत आहेत का? डावा खांदा दिवाळीपासून धरलाय. आधी वाटलं, माळ्यावरचे डबे काढताना लचकला असेल. आता हात वर जातच नाही. ऑर्थोने फ्रोझन शोल्डर सांगितलंय. एक्स-रे मात्र अगदी नॉर्मल.

ए १०३ देशमुख काका: वहिनी, फ्रिजचं पाणी आणि एसी बंद करा, वात आहे तो. आमच्या गावाकडे एक जण आहेत. हात धरून असा एक झटका देतात, कट् आवाज येतो, दुसऱ्या दिवशी माणूस शेतात.

बी २०३ प्राजक्ता फिजिओ: काका नको!!! काकू, कोणाकडूनही हात ओढून घेऊ नका. आत्ता पेशंट आहेत, संध्याकाळी सविस्तर लिहिते.

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते १ टाकी साफ करणार. पाणी भरून ठेवावे.

डी ५०१ सावंत काका: वहिनी, माझे दोन्ही झाले. आधी उजवा. तो सुटतोय न सुटतोय तोच डावा. तुम्हाला शुगर आहे ना?

सी ४०२ कुलकर्णी काकू: आहे ना. लेक दहावीत होती तेव्हापासून, आता तिची मुलगी शाळेत जाते. पाय जपा, डोळे तपासा, किडनी बघा, सगळं सांगून झालं आजवर. खांद्याचं कोणी अवाक्षर काढलं नाही हो.

डी ५०१ सावंत काका: मलाही नाही. उजवा धरल्यावर शुगरचे डॉक्टर म्हणाले, "होतं असं आमच्या पेशंटना." आधी सांगितलं असतं तर पहिले काही महिने बाम चोळत बसलो नसतो.

ए ३०१ नसरीन भाभी: माझ्या जाऊबाईंना झालं होतं. रात्री त्या कुशीवर वळल्या की ओरडूनच उठायच्या. दिवसा तरी बऱ्या असायच्या.

सी ४०२ कुलकर्णी काकू: अगदी तस्संच! आणि वेणी घालायला सूनबाई लागते. रिक्षातून उतरताना दांडी धरवत नाही. काल मागून कोणीतरी हाक मारली म्हणून झटकन हात मागे गेला, डोळ्यांसमोर काजवे चमकले.

बी २०३ प्राजक्ता फिजिओ: आले. आधी एक विचारते काकू, डावा आहे म्हणून. जिना चढताना, भरभर चालताना दुखतं का? छातीत दडपण, घाम, धाप?

सी ४०२ कुलकर्णी काकू: नाही गं. हात हलवला तरच. ऑर्थोने आधी ईसीजी काढायलाच पाठवलं होतं.

बी २०३ प्राजक्ता फिजिओ: छान केलं. शुगर असलेल्यांत हार्टचं दुखणं कधी कधी गुपचूप येतं, म्हणून डावा हात "खांदाच असेल" म्हणून सोडून द्यायचा नाही. आता घरी करून बघण्यासारखं सांगते. कोपर काटकोनात वाकवून बरगडीला चिकटवा, अंगठा वर. कोपर न सोडता पुढचा हात दाराच्या पानासारखा बाहेरच्या बाजूला उघडा. चांगला हात किती जातो आणि दुखरा किती?

सी ४०२ कुलकर्णी काकू: चांगला बराच जातो. डावा तर निघतच नाही. सूनबाईने हळूच लावून बघितला, तरी तिथेच अडतो.

बी २०३ प्राजक्ता फिजिओ: हीच त्याची खूण. स्नायू फाटला असेल तर आपला आपल्याला हात उचलवत नाही, पण दुसऱ्याने उचलला की बहुतेक वेळा जातो. इथे दुसऱ्यालाही तो हलवता येत नाही, कारण सांध्याभोवतीची पिशवीच जाड होऊन आटलेली असते. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात धुतल्यावर आटतो ना, तसं. हाड ठीक असतं, म्हणून एक्स-रे नॉर्मल.

ई २०४ रोहन: पण शुगरचा आणि खांद्याचा संबंध काय? 🤔

बी २०३ प्राजक्ता फिजिओ: रक्तातली जास्तीची साखर वर्षानुवर्षं शरीरातल्या कोलॅजेनला चिकटत जाते. कोलॅजेन म्हणजे त्या पिशवीचा, शिरांचा, कातडीचा धागा. तो कडक होतो. एकूण लोकांत १०० मागे २ ते ५ जणांना फ्रोझन शोल्डर होतो, डायबेटिस असलेल्यांत साधारण १० ते २० जणांना. थायरॉइडवाल्यांतही जास्त दिसतो. बहुतेकांना ४० ते ६० या वयात, आणि बायकांना जास्त. हातांचंही तसंच होतं. काकू, मघाशी टाकलात तो नमस्कार खराखुरा करा बरं 🙏 दोन्ही तळवे आणि बोटं पूर्ण टेकतात का?

सी ४०२ कुलकर्णी काकू: अगं बाई! करंगळ्यांपाशी फट राहतेय.

बी २०३ प्राजक्ता फिजिओ: घाबरू नका, पण पुढच्या वेळी शुगरच्या डॉक्टरांना हेही दाखवा.

ए १०३ देशमुख काका: म्हणजे साखर सोडली की खांदा सुटला. झालं!

बी २०३ प्राजक्ता फिजिओ: इतकं सोपं असतं तर मी क्लिनिक बंद केलं असतं काका 😄 शुगर आटोक्यात हवीच, पण एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) खाली आलं म्हणून पुढच्या आठवड्यात हात वर जाईल असं नाही. आधी दुखण्याचे महिने, मग दुखणं कमी पण हात जाम, मग हळूहळू सुटणं. सगळं मिळून १ ते ३ वर्षं लागू शकतात. शुगर असेल तर जास्त चिवट असतो, कधी कधी थोडी अडचण कायमची राहते. "सहा आठवड्यांत गॅरंटी" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

सी ४०२ कुलकर्णी काकू: बाप रे. ऑर्थो इंजेक्शन देऊ म्हणतात. स्टिरॉइडचं. मी भीतीने हो-नाही काहीच बोलले नाही.

डी ५०१ सावंत काका: घेतलंय मी ते. सांगतो, नीट वाचा. सांध्यात देतात. पुढच्या दोन-चार दिवसांत दुखणं खरंच उतरलं, रात्री सलग झोप लागली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरवर शुगर ३०० च्या वर! वाटलं मीटर बिघडलं. नवीन पट्टी लावली, तेच. शेजारच्यांचं मीटर आणलं, तेच. बायको म्हणाली काल चोरून श्रीखंड खाल्लंत. घरात महाभारत! आणि ज्यांनी सुई टोचली त्यांनी याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. शेवटी शुगरच्या डॉक्टरांना फोन केला तेव्हा कळलं की हे होणारच होतं.

बी २०३ प्राजक्ता फिजिओ: हेच सगळ्यांना सांगायला हवं. त्या इंजेक्शनने शुगर काही दिवस चढते, बहुतेकांची आठवड्याभरात मूळ जागी येते. म्हणून इंजेक्शन घ्यायचंच नाही असं नाही. दुखण्याच्या पहिल्या टप्प्यात त्याचा चांगला उपयोग होतो, आणि दुखणं उतरलं की व्यायाम करता येतो. पण आधी शुगरच्या डॉक्टरांना विचारा, त्यांना तारीख सांगा, त्या आठवड्यात मीटरवर रोज बघा. इन्सुलिन घेत असाल तर डोस त्यांनीच ठरवायचा, मनाने नाही. आणि शुगर आधीच खूप चढलेली असेल तर ती उतरेपर्यंत थांबायचं.

डी ५०१ सावंत काका: मेडिकलवाल्याकडून दुखण्याच्या गोळ्या आणून महिनेच्या महिने खायच्या नाहीत हेही लिही. किडनीला मार.

बी २०३ प्राजक्ता फिजिओ: लिहिलंत की तुम्हीच 👍 शेकण्याची पिशवी घेताना आधी दुसऱ्या कोणाला हात लावून बघायला सांगा. शुगरमुळे बधिरपणा असेल तर भाजलेलं कळत नाही.

सी ४०२ कुलकर्णी काकू: आणि व्यायाम? की हात गळ्यात बांधून ठेवू?

बी २०३ प्राजक्ता फिजिओ: बांधून अजिबात नाही, आणखी जाम होईल. टेबलाला चांगला हात टेकून वाका, दुखरा हात सैल लोंबू द्या, छोटे गोल फिरवा. भिंतीवर बोटांनी चढायचं. सोसेल इतकं, दिवसातून थोडं थोडं. करून झाल्यावर ठणका बराच वेळ टिकला तर आपण जास्त केलं असं समजायचं. बाकीचं उद्या हात बघून ठरवू, टप्प्याप्रमाणे बदलतं. या ५ नंतर, आपल्याच लिफ्टने 😊

डी ५०१ सावंत काका: भिंतीचा व्यायाम मी ओट्यामागच्या टाइल्सवर करायचो. जिथवर बोट पोचेल तिथे पेन्सिलीची रेघ. चहा उकळेपर्यंत तेवढंच काम. आठवडे गेले तरी रेघ हलायची नाही, मग एक दिवस वरच्या टाइलवर जायची.

ए ३०१ नसरीन भाभी: काकू, कपडे घालताना दुखरा हात आधी बाहीत घाला. काढताना तो शेवटी. जाऊबाईंचं निम्मं रडणं त्यानेच थांबलं होतं.

सी ४०२ कुलकर्णी काकू: आजवर उलटंच करत होते! सेक्रेटरी साहेब, गच्चीवरची एक दोरी खाली बांधून मिळेल का? चादरी टाकता येत नाहीत.

सेक्रेटरी: वॉचमनला सांगतो. खर्च नसल्याने मीटिंगची गरज नाही.

ई २०४ रोहन: इतिहासात पहिल्यांदा 😂

ए १०३ देशमुख काका: प्राजक्ता बेटा, तो कोपराचा प्रकार मी पण सहज करून बघितला. उजवा हात बाहेर जातच नाहीये. शर्ट घालताना महिनाभर दुखतं, मी वात समजत होतो.

बी २०३ प्राजक्ता फिजिओ: काका, तुमची शुगर शेवटची कधी तपासली?

ए १०३ देशमुख काका: मला शुगर नाही.

बी २०३ प्राजक्ता फिजिओ: तपासली कधी?

ए १०३ देशमुख काका: तपासली नाही कधी.

बी २०३ प्राजक्ता फिजिओ: काही जणांत शुगर सापडते ती खांद्यामुळेच. उद्या उपाशीपोटी तपासा, जेवणानंतरचीही, आणि एचबीएवनसी. रिपोर्ट फॅमिली डॉक्टरांना दाखवा. मग खांदा दाखवायला माझ्याकडे या. गावाला नको!

डी ५०१ सावंत काका: मी सकाळी ७ ला लॅबमध्ये जातोच आहे. गेटवर उभे राहा देशमुख, स्कूटरवर नेतो.

ए १०३ देशमुख काका: चहा घेऊन आलो तर चालेल ना?

बी २०३ प्राजक्ता फिजिओ: नाही.

ए १०३ देशमुख काका: बिनसाखरेचा?

बी २०३ प्राजक्ता फिजिओ: काकाsss