मुख्य प्रशिक्षक गेला, तर सहायकाची नोकरी राहते का?

प्रश्न (डिचोली)
माझा धाकटा भाऊ एका विद्यालयात शारीरिक शिक्षणाचा कायम शिक्षक असून त्याच्याकडे एएफसीचा (आशियाई फुटबॉल महासंघाचा) प्रशिक्षकासाठीचा ‘बी’ परवाना आहे. एका व्यावसायिक फुटबॉल क्लबाने त्याला सहायक प्रशिक्षक म्हणून एका हंगामाचा करार देऊ केला आहे. संघ हरू लागला की मुख्य प्रशिक्षकाला घरी पाठवतात, हे सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु त्याच्या हाताखालच्या माणसांचे पुढे काय होते? आईचा या गोष्टीला ठाम विरोध आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (फोंडा)
एफसी गोवाचेच उदाहरण घ्या. २०१९-२० च्या हंगामात साखळी सामने संपत आले असताना आणि संघ अव्वल स्थानाच्या शर्यतीत असताना स्पॅनिश मुख्य प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना दूर करण्यात आले, आणि गोव्याच्याच क्लिफर्ड मिरांडा यांनी हंगामी (तात्पुरते) प्रशिक्षक म्हणून संघाला साखळीत अव्वल येणाऱ्याला मिळणारी लीग विनर्स शील्ड मिळवून दिली. पुढच्या हंगामासाठी मात्र स्पेनचेच हुआन फेरांडो आले. २०२३ मध्ये मिरांडा यांनी ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला, तोही हंगामी प्रशिक्षक म्हणूनच. त्यानंतर ओडिशाने नेमले ते लोबेरा यांनाच. आपला माणूस अडचणीच्या वेळी हवा असतो, पण कायमची खुर्ची त्याला सहजासहजी मिळत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. तरीही मिरांडा टिकले, कारण त्यांचे काम सगळ्यांनी पाहिले होते. आपल्या भावाने जावे, असे माझे मत आहे.

उत्तर (मडगाव)
काम चांगले असणे पुरेसे नाही. कागद पक्का हवा. करार क्लबाशी आहे ना, आणि मुख्य प्रशिक्षकाची मुदत संपताच तो आपोआप रद्द होईल असे एखादे कलम त्यात दडलेले नाही ना, हे सहीपूर्वी वकिलाकडून तपासून घ्यावे. योग्य कारणाशिवाय करार मोडल्यास प्रशिक्षकाला भरपाई मिळावी, अशी तरतूद फिफाने २०२१ पासून आपल्या नियमांत केली आहे. मात्र फिफाच्या न्यायाधिकरणाकडे आंतरराष्ट्रीय स्वरूपाचे वाद जातात, म्हणजे परदेशी प्रशिक्षकाला जे दार उघडे असते ते भारतीय क्लबातील भारतीय सहायकाला सहसा नसते. त्यामुळे उरलेल्या मुदतीचा पगार किती आणि केव्हा मिळेल, हे करारातच आकड्यांत लिहून घ्यावे.

उत्तर (म्हापसा)
वरील दोन्ही उत्तरांत एक गोष्ट राहून गेली. २०२५ मध्ये इंडियन सुपर लीग या देशातील अव्वल फुटबॉल साखळीचा हंगामच लांबणीवर पडला आणि काही क्लबांनी खेळाडूंसह प्रशिक्षकांचेही पगार थांबवले. तेथे ना कोणी हरले होते, ना कोणाला काढले होते. म्हणून विद्यालयाचा राजीनामा देण्याआधी व्यवस्थापनाकडे एका वर्षाच्या बिनपगारी रजेचा लेखी अर्ज करावा. ती मंजूर झाली, तर आईंची समजूत घालणेही सोपे जाईल. नामंजूर झाल्यास मी तरी एका हंगामाच्या करारासाठी कायम नोकरी सोडणार नाही. किमान दोन हंगामांची मुदत मागेन, आणि तोवर शाळा सांभाळून ‘ए’ परवान्याची तयारी करेन.