मदत हवी आहे : मालिकांमधील नेत्यांच्या तोंडची वाक्ये कशी पडताळावीत?

नमस्कार. राजकीय नेत्यांच्या चुकीच्या चित्रणावरून दूरचित्रवाणी मालिकांभोवती उठणाऱ्या वादांवर मी लेख लिहीत आहे आणि एका मुद्द्यावर अडलो आहे. २००३ साली अमेरिकेत सीबीएस वाहिनीने माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावरील ‘द रेगन्स’ ही लघुमालिका वादामुळे स्वतः न दाखवता शोटाइम या सशुल्क वाहिनीकडे सोपवली. त्या पटकथेत एड्सच्या रुग्णांविषयीचे एक निर्दय वाक्य रेगन यांच्या तोंडी घातले होते, पण ते त्यांनी उच्चारल्याचा पुरावा नव्हता. २०२२ मध्ये ब्रिटिश राजघराण्यावरील ‘द क्राउन’ या मालिकेतील एका खासगी भेटीच्या प्रसंगावर, अशी चर्चा झालीच नव्हती, असा आक्षेप ब्रिटनचे माजी पंतप्रधान जॉन मेजर यांच्या वतीने घेतला गेला.

दोन भेटींची एक भेट करणे मला मान्य आहे. न बोललेले वाक्य तोंडी घालणे मात्र मला मनापासून खटकते, कारण ‘काल्पनिक नाट्यरूपांतर’ ही सूचना क्षणभर दिसून जाते आणि वाक्य तेवढे लक्षात राहते.

बंद दाराआडच्या संभाषणांची पडताळणी करताना रोजनिश्या, सहकाऱ्यांच्या आठवणी आणि त्या काळची वृत्तपत्रे यांपैकी कशाला किती वजन द्यावे? असे काम केलेल्या सदस्यांनी कृपया आपली पद्धत सविस्तर सांगावी.