ताईची क्रूझ, काकूचा प्रश्न आणि फॅमिली ग्रुप

आत्या: पोचलात का गं घरी? फोटो बघितले सगळे. पण सगळ्या फोटोत तुम्ही दोघं, मागे झुंबर, नाहीतर जिना. समुद्र कुठाय?

ताई: आत्या बरोब्बर पकडलंस!! तेच सांगायचंय. थांब जरा कपडे मशीनला लावते आणि सविस्तर लिहिते

छोटी: सविस्तर म्हणजे आता रात्रीपर्यंत ताई टायपिंग टायपिंग दिसणार

काकू: लिहू दे गं तिला. मला विचारायचंच आहे, ह्यांच्या डोक्यात क्रूझ घुसलंय आणि मला तर बागेतल्या तळ्यातली नाव पण लागते.

ताई: तर ऐका. टर्मिनलला उतरलो तेव्हा मी जहाज शोधतेय, समोर एक भलीथोरली पांढरी बिल्डिंग, खिडक्याच खिडक्या, हे म्हणाले अगं हेच ते. मान मागे टाकली तरी वरचं टोक दिसेना. आत शिरेपर्यंत मात्र काहीच रोमँटिक नाही बरं का, सरळ एअरपोर्टसारखं, लाईन, पासपोर्ट, एक्सरे, फोटो. दिलेल्या टायमिंगच्या फार आधी गेलं तर नुसतं बसवून ठेवतात. तो फोटो तुमच्या कार्डाला जोडलेला असतो, तेच कार्ड केबिनची किल्ली, तेच पाकीट, आणि जहाजावरून उतरताना-चढताना तेच पंच करायचं म्हणजे कोण आत कोण बाहेर त्यांना कळतं. मोठ्या बॅगा खालीच घेतात, केबिन नंबरचा टॅग लावून, आणि त्या कधी संध्याकाळपर्यंत दाराशी येतात. केबिन पण लगेच मिळेलच असं नाही. त्यामुळे औषधं, चार्जर, चष्मा, एक कपड्याचा जोड हातातल्या पिशवीत हवाच, हे मला आधी एकाने सांगितलं होतं म्हणून वाचलो, शेजारचं जोडपं दुपारभर जाड स्वेटरमध्ये पूलपाशी घाम पुसत बसलेलं. आणि हो, इस्त्री नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात, एक्स्टेन्शन बोर्डपण बहुतेक ठिकाणी चालत नाही.

वहिनी: पहिल्या दिवशी सगळे बुफेला धावतात म्हणे?

ताई: धावतात म्हणजे काय, तुटून पडतात. वरच्या डेकवर बुफे असतो ना, बोर्डिंग झालं की सगळी जनता लिफ्टने तिकडेच. त्यावेळी खाली डायनिंग रूम उघडी असेल तर तिथे शांतपणे बसून जेवता येतं, आत शिरताना विचारून घ्यायचं. पण हात धुवून हं, सॅनिटायझर दाराशी असतो तरी साबणाने. जहाजावर पोटाचा जो नोरोव्हायरस पसरतो त्याला नुसत्या सॅनिटायझरने फारसं काही होत नाही.

काका: जहाज केवढं होतं ते सांग आधी. २०२४ मध्ये जे तोवरचं सगळ्यात मोठं आलं, आयकॉन ऑफ द सीज, त्याचं वजन जवळजवळ अडीच लाख टन आहे. टायटॅनिक ४६ हजार. म्हणजे पाचपटीपेक्षा जास्त वजन, आणि तरी तरंगतं!

दादा: काका आकडे बरोबर पण ते वजन नाहीये. ते ग्रॉस टनेज आहे, म्हणजे जहाजाच्या आतली बंदिस्त जागा किती त्यावरून काढलेला आकडा, वजनाशी त्याचा संबंध नाही. लांबीत फरक एवढा नाही बघा, टायटॅनिक २६९ मीटर आणि हे साधारण ३६५. वाढलंय ते रुंदीत आणि उंचीत, २० डेक आहेत.

काका: बरं बरं. तरंगतं ते तरंगतंच ना.

छोटी: काका ०, दादा १

ताई: आमचं त्याच्यापेक्षा बरंच लहान होतं आणि तरी पहिला दिवस आम्ही रस्ता शोधण्यातच घालवला. लांबच्या लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूला एकसारखी दारं, पुढची बाजू कुठली मागची कुठली काही कळेना. मग लोकांचं बघून आमच्या दाराला चुंबकाचं एक फूल लावलं, केबिनच्या भिंती आणि दारं लोखंडी असतात त्यामुळे चुंबक मस्त चिकटतं, आत हुक लावून ओले कपडेही टांगता येतात. बाथरूम एवढं की साबण खाली पडला तर उचलायला बाहेर यावं लागेल, हाहाहा. त्याला उंबरा पण उंच असतो, काकू रात्री उठलीस तर लक्षात ठेव. आणि फ्लश दाबला की असा काही खस्सकन आवाज येतो की पहिल्यांदा हे दचकून बाहेरच आले, व्हॅक्यूमवर चालतो तो.

आत्या: अगं पण समुद्र??

ताई: येतेय येतेय. आधी ड्रिल सांगते, ते महत्त्वाचं. निघायच्या आधी प्रत्येकाने आपापल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे संकटात जमायच्या ठरलेल्या जागी, जाऊन हजेरी द्यायची, सक्तीचं. लाईफजॅकेट कसं घालायचं ते दाखवतात आणि धोक्याचा भोंगा ऐकवतात, सात छोटे आणि मग एक लांब. लोक कंटाळतात, माझ्या मागे एकजण फोनवर गेम खेळत होता.

दादा: कंटाळतात पण त्याला कारण आहे. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाचं क्रूझ जहाज खडकावर आदळलं, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या बऱ्याच लोकांचं ड्रिल झालंच नव्हतं, दुसऱ्या दिवशी होणार होतं, कारण तेव्हा चढल्यापासून २४ तासांत घेतलं तरी नियमात बसायचं. मग आंतरराष्ट्रीय नियमच बदलला, २०१५ पासून निघायच्या आधी किंवा निघाल्याबरोबर लगेच.

काकू: हे वाचून मी आता अजिबात येत नाही.

काका: अगं त्याने नियम कडक झाले असं सांगतोय तो, तू उलटंच घेतेस

ताई: काकू तू घाबरू नकोस गं. आता समुद्राचं ऐक, म्हणजे तुझी भीती कमी होईल आणि काकांचा हिरमोड होईल. मला वाटलेलं जहाजावर गेलो की चहूकडे समुद्र, वारा, लाटा. प्रत्यक्षात जहाजाची सगळी तोंडं आत वळलेली. मधे उंच हॉल, दुकानं, कॅसिनो, थिएटर, सगळीकडे गालिचे, दिवे, गाणी. कॅसिनोला खिडकीच नाही. वरच्या डेकवर मोकळं आहे म्हणावं तर मधोमध पूल आणि सगळ्या खुर्च्या त्या पूलकडे तोंड करून, समुद्राकडे पाठ! कठड्यालाही बऱ्याच ठिकाणी उंच काच. पहिल्या दिवशी रात्री झोपताना माझ्या लक्षात आलं की आपण जहाजावर आहोत आणि निघाल्यापासून पाणी धड बघितलंच नाही. आत्या तुला झुंबरं दिसली ती म्हणूनच.

वहिनी: मग बघितलास कुठे शेवटी?

ताई: शोधावा लागतो. आमच्याकडे खालच्या एका डेकवर, लाईफबोटी टांगलेल्या असतात त्याच्या जवळ, बाहेरून चालायची वाट होती. तिथे जाणारं दार जड, वाऱ्याने दाबलेलं, ते ढकलून बाहेर गेलं की एकदम गाणी बंद आणि पाण्याचा आवाज सुरू. दोनचार म्हातारे फेऱ्या मारणारे सोडले तर कोणी नाही. बुकिंग करताना डेकचा नकाशा बघायचा आणि अशी वाट आहे का ते आधी शोधायचं, मी तर म्हणेन वॉटरस्लाईड किती आहेत त्याच्या आधी हे बघा. सगळ्या जहाजांवर ती पूर्ण गोल फिरत नाही.

नंतर एका बंदरातून निघताना तिथूनच मी पायलट उतरताना बघितला आणि पूर्ण ट्रिपमधलं मला तेच सगळ्यात आवडलं. बंदरातून बाहेर पडेपर्यंत तिथला एक स्थानिक पायलट कॅप्टनला वाट सांगायला जहाजावर असतो. मोकळ्या समुद्रात आलो की त्याची छोटी बोट आमच्या बाजूला येऊन लागली, जहाज थांबलं नाही हं, दोन्ही चालू. खाली पाण्यालगत जहाजाच्या अंगात एक दार उघडलं, त्यातून दोराची शिडी लोंबली आणि तो माणूस पाठीला छोटी सॅक लावून उलटा उतरायला लागला. बोट वर येतेय खाली जातेय. तो शिडीवर थांबला, एक लाट जाऊ दिली, दुसरी बोट वर घेऊन आली तसा सहज पाऊल टाकून डेकवर. बोटीवरच्याने दंडाला धरलं. मग वर बघून हात केला आणि बोट वळली सुद्धा. वर पूलपाशी तेव्हा जोरात डीजे चालू होता, तिथल्या कोणाला पत्ता नाही.

छोटी: हे भारी आहे. व्हिडिओ काढलास का

ताई: नाही गं, बघतच राहिले

दादा: मोठी जहाजं धक्क्यापासून सुटताना आडवी सरकतात ते दिसलं का? बो थ्रस्टर असतात, पुढच्या भागात पाण्याखाली आरपार बोगदा आणि त्यात पंखा. त्यामुळे टगबोट न लावताही बाजूला सरकता येतं.

ताई: हो!! आम्ही निघालो तेच कळलं नाही. ग्लास टेबलावर होता, पाणी हललं नाही, धक्काच लांब जायला लागला.

काकू: ते बंदरात झालं. मध्ये समुद्रात काय? मुद्द्याचं बोल, बोट लागते का नाही?

ताई: खरं सांगू, एक रात्र हललं. पडदे हळूच पुढेमागे व्हायचे, हँगर वाजायचे, बाकी काही नाही. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, ते डावी-उजवीकडे झुलणं बरंच कमी करतात. पुढून लाटा आल्या तर नाक वरखाली होतंच, त्याला ते फारसं काही करू शकत नाहीत. म्हणून केबिन कुठली हाच सगळा खेळ आहे. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवर सगळ्यात कमी हलतं, सगळ्यात पुढे आणि उंचावर जास्त. आणि गंमत म्हणजे लोक जास्त पैसे टाकून उंचावरचीच घेतात.

काका: मी तर पुढची, वरची, बाल्कनीवाली बघून ठेवलीय.

काकू: बघा. बघा सगळ्यांनी.

दादा: काकू, आतल्या कानाला हलणं कळतं आणि डोळ्यांना समोर स्थिर भिंत दिसते, ते जुळत नाही म्हणून मळमळतं. त्यामुळे त्रास व्हायला लागला की केबिनमध्ये पुस्तक वाचत बसायचं नाही, बाहेर येऊन क्षितिजाकडे बघायचं. गोळी घ्यायची तर उलटी सुरू व्हायच्या आधी, आणि तुझं बीपीचं औषध चालू आहे तेव्हा डॉक्टरांना विचारूनच. जहाजावर डॉक्टर असतात पण त्यांचं बिल वेगळं, इन्शुरन्स काढून जा.

वहिनी: मला वाटलं सगळं इन्क्लुडेड असतं

ताई: खोली, डायनिंग, बुफे, शो हे त्यात. बाकी मीटर चालूच. बरीच ड्रिंक्स, वायफाय, स्पा, बंदरावरच्या सहली, काही स्पेशल रेस्टॉरंट, आणि टिप रोज माणशी आपोआप लागते बऱ्याच कंपन्यांमध्ये. कार्ड पंच करताना पैसे दिल्यासारखं वाटतच नाही ना, शेवटच्या दिवशी बिल बघून जोडपी लिफ्टमध्ये भांडत होती. आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका रे बाबांनो, बंदर सुटलं की जहाजाचं स्वतःचं मोबाईल नेटवर्क पकडतं, सॅटेलाईटवरचं, त्याचं रोमिंग भयंकर.

आत्या: बिनखिडकीची केबिन स्वस्त असते ना? झोपायलाच तर जायचं.

ताई: स्वस्त असते आणि झोप पण ढाराढूर लागते, पण आत दिवस का रात्र काही कळत नाही. काकूला मी तरी ती देणार नाही, क्षितिज दिसायला हवं तिला. मधोमध, खालच्या डेकवर, न उघडणारी मोठी खिडकी असते ती घ्या. फक्त वरखाली काय आहे तेवढं बघा नकाशात, डोक्यावर थिएटर किंवा नाचाचा हॉल नको, वरखाली दोन्हीकडे केबिनच असल्या की शांतता. आणि खिडकीसमोर लाईफबोट टांगलेली आहे का तेही विचारा, नाहीतर आठवडाभर केशरी प्लास्टिक बघत बसाल.

काका: आणि बाल्कनी?

ताई: काका तुम्हाला ती बाहेरची वाट आहे ना. बाल्कनीत एका बाजूचाच समुद्र, तिथे दोन्हीकडचा, आणि फुकट.

काकू: ठरलं. मधली, खालची, खिडकीवाली. बुकिंग मी करणार, तुमच्या काकांच्या हातात कार्ड देणार नाही.

आत्या: मग मी पण येते. तिघांत एक केबिन होते का?

ताई: होते की. तिसरा बेड छतातून खाली येतो, रात्री केबिनचा कर्मचारी येऊन उघडून शिडी लावून जातो, सकाळी परत वर.

आत्या: शिडी चढून? मी??

काका: मी झोपतो वर, काय त्यात.

काकू: तुम्ही वर घोरणार आणि आम्ही दोघी खाली ऐकणार. ताई, दोन केबिनचं काय पडतं ते बघ. आणि एकट्या माणसाला डबल भाडं लावतात म्हणतात ते खरं का?

ताई: बऱ्याच ठिकाणी लावतात, भाडं दोन माणसं धरूनच काढलेलं असतं. पण तू आणि आत्या एकीत राहा ना, काकांनाच एकट्याला ठेवा.

काका: म्हणजे पैसे डबल आणि बाल्कनी पण नाही

छोटी: काका ०, काकू १