कुकडीच्या काठाने: दिवाळीनंतरच्या सहलीचं ठरताना

नाना काका: दिवाळीनंतरच्या शनिवार-रविवारचं आज ठरवून टाकू. माझ्या मनात अष्टविनायक आहे. मुलांचे आठही गणपती एकदा व्हायला हवेत.

दादा: नाना, दोन दिवसांत आठ म्हणजे सगळा वेळ गाडीतच जाणार. झोपलेल्या पोरांना उठवायचं, रांगेत उभं करायचं आणि परत गाडीत बसवायचं.

आत्या: आणि शास्त्राप्रमाणे करायची तर मोरगावपासून सुरुवात आणि शेवटी पुन्हा मोरगावलाच यायचं. ती यात्रा सवडीने करायची गोष्ट आहे.

मी: नाना, एक सुचवते. या वेळी आपण एकच नदी धरून जाऊ या. कुकडी. जुन्नरच्या पश्चिमेला, नाणेघाटाच्या वाटेवरून थोडं आत पूर गाव आहे. तिथे कुकडेश्वराचं जुनं कोरीव दगडी मंदिर आहे आणि कुकडीचा उगमही तिथलाच. पुढे तिच्या खोऱ्यात लेण्याद्री, काठावर ओझर आणि खाली निघोज. म्हणजे उगमाशी महादेव, मध्ये दोन गणपती आणि निघोजला मळगंगा देवी. मुलांना भूगोल शिकवायला याहून सोपा रस्ता मला तरी माहीत नाही.

वहिनी: कल्पना आवडली. पण जायचंच तर पावसाळ्यात गेलो असतो ना? धबधबे, हिरवळ सगळं मिळालं असतं.

मी: वहिनी, मी मुद्दाम पावसाळा टाळतेय. नाणेघाटात तेव्हा धुकं आणि गर्दी, तिथल्या गुहेतला कोरीव लेख नीट बघताही येत नाही. आणि निघोजचे रांजणखळगे पुराच्या पाण्याखाली जातात. तेच तर दाखवायचे आहेत. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे एकाच जागी गरगर फिरत राहतात आणि काळा कातळ आतून कोरत जातात. हा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पाण्याने तो कसा कापला ते मुलांनी स्वतः बघावं.

दादा: तिथे खळगे खोल आहेत, कडा गुळगुळीत. मुलांचा हात सोडायचा नाही. वरून पाणी सोडलेलं असेल तर खाली उतरायचंच नाही, लांबूनच बघायचं. हे आत्ताच सांगून ठेवतो.

मी: मान्य. तिथे एका मुलामागे एक मोठं माणूस.

नाना काका: नाणेघाटात नुसता कडाच आहे ना? मुलं काय बघणार तिथे?

मी: नाना, तिथल्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. सुरुवातीलाच धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य यांना नमन आहे. पुढे कोणकोणते यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून किती गाई, किती नाणी दिली ते आकड्यांत कोरलंय. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात याची गणना होते. आपली मुलं गणिताला कंटाळतात. आकडे एका यज्ञाच्या हिशेबासाठी दगडात कोरले गेले, हे तिथे उभं राहून कळलं तर त्यांना ते वेगळं वाटेल अशी मला आशा आहे. ब्राह्मी अंकांचा तक्ता मी छापून आणते, त्यावरून लेखातले आकडे शोधायचे.

मी: आणि कड्यावर उभं राहून एक गोष्ट दाखवायची. पश्चिमेला पडलेला पाऊस कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेचा मात्र कुकडीतून घोडनदीत, घोडनदीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. जवळचा समुद्र सोडून केवढा लांबचा प्रवास.

आजी: भीमेत म्हणजे पंढरपूरला जातं का गं हे पाणी?

मी: हो आजी. तीच भीमा पंढरपूरला चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा.

आजी: मग मी येणार. गुडघे दुखले तरी येणार.

नाना काका: आईच येते म्हणाली, आता माझं काही म्हणणं नाही. फक्त याला अष्टविनायक म्हणू नका. ती यात्रा वेगळी, ती रीतसर करू.

आत्या: आईला लेण्याद्रीच्या पायऱ्या झेपायच्या नाहीत, तीनशेच्या आसपास आहेत. मी खाली थांबते तिच्यासोबत. ओझरला सपाट आहे, तिथे निवांत दर्शन होईल.

मी: आत्या, बरं झालं बोललीस. लेण्याद्रीला वर गेल्यावर मुलांना आधी सगळी लेणी दाखवायची, मग गिरिजात्मजाचं दर्शन. डोंगर बौद्ध भिक्षूंनी कोरला. गणपती ज्या सातव्या लेण्यात आहे ते लेणं मुळात त्यांचा विहार, म्हणजे राहण्याची जागा. एवढं मोठं दालन आणि आत एकही खांब नाही. मुलांना हे स्पष्ट सांगायचं, गाळायचं नाही. एका ठिकाणी एकापेक्षा जास्त श्रद्धा नांदल्या हे कळल्याने त्यांची भक्ती कमी होणार नाही.

नाना काका: हे मी सांगेन त्यांना. माझ्यावर सोपव.

वहिनी: माकडं आहेत तिथे. प्रसादाची पिशवी हातात नको, सॅकमध्ये.

आजी: आळंदी नाहीच का वाटेत?

मी: आजी, आळंदीला गर्दी असेल, तुला त्रास होईल. पण ओझरहून आळेफाट्याजवळ आळे गावाला जाऊ. माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी तिथे आहे. तिथे बसून तू पोरांना ती गोष्ट सांग. त्यांनी ती तुझ्याच तोंडून ऐकायला हवी.

आजी: सांगते. पसायदानही म्हणून घेऊ सगळ्यांकडून.

दादा: क्रम लिहितो. शनिवारी पहाटे निघायचं, थेट नाणेघाट, मग कुकडेश्वर, मुक्काम जुन्नरला. रविवारी लेण्याद्री, ओझर, आळे, निघोज. माणिकडोह आणि येडगाव ही दोन्ही धरणं कुकडीवरचीच आहेत, जाता-येता गाडी थांबवून दाखवू. कालव्याचं पाणी नगर-सोलापूरकडे कसं जातं ते मी समजावतो.

वहिनी: खोडदच्या रेडिओ दुर्बिणी? नारायणगावजवळच आहेत ना. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, धाकटी केव्हाची मागे लागलीय.

दादा: आधी परवानगी घ्यावी लागते, आणि एका दिवसात कोंबलं तर निघोज हुकेल. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या वेळी तिथे प्रदर्शन असतं, तेव्हा स्वतंत्र जाऊ.

आत्या: शनिवारी अंधार पडायच्या आत मुक्कामावर पोहोचायचं. उसाच्या पट्ट्यात बिबटे आहेत, पोरांना रस्त्याकडेला उतरवायचं नाही.

मी: आणि प्रत्येक थांब्यावर मुलांनी वहीत पाण्याबद्दल दोन ओळी लिहायच्या. रंग, वेग, काठावर काय दिसलं ते. मंदिरात वही बंद, तिथे फक्त हात जोडायचे.

नाना काका: मुक्कामाचं मी बघतो, आईसाठी तळमजल्याची खोली सांगतो. दादा, टायर आणि ब्रेक या आठवड्यातच तपासून घे, नाणेघाटाकडे जाणारी घाटघरची वाट वळणांची आहे.

दादा: उद्या सकाळी गाडी दाखवून येतो.