गाडीवर फोन वाजला तर... तुमचे आणि घरच्यांचे किस्से टाका

मांजराकाठ
परवा वेळ आमवश्येला, म्हणजे आमच्याकडच्या शेतातल्या सणाला, शेतात गेलो होतो. कोठ्यातला जुना पत्र्याचा डबा उघडला तर आत दादांचा फोन. दादा म्हणजे वडील, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. काळा बटणांचा फोन, मागचं झाकण रबरानं बांधलेलं. ते रबर वितळून झाकणाला चिकटलंय आणि आतली बॅटरी फुगून टम्म.

दादांकडे एम एटी (बजाजची जुनी दुचाकी) होती. औशाच्या बाजाराला निघाले की फोन बंडीच्या आतल्या खिशात. आधी रुमालात गुंडाळलेला, वरून प्लास्टिकची पिशवी. वाजला की गाडी रस्त्याच्या खाली उतरवायची, बाभळीची सावली मिळाली तर बरंच. स्टँड लावायचं. डोक्यावरची टोपी काढून हँडलला अडकवायची, कारण टोपी घालून ऐकू येत नाही असं त्यांचं ठाम मत (कान उघडेच असायचे, पण सांगणार कोण). मग बंडीत हात, मग पिशवीची गाठ, मग रुमाल. तोवर फोन बंद पडलेला. मग दादा तिथंच उभे. "करंल की परत, काम आसंल तर." आपण उलटा फोन लावायचा नाही. "त्याला काम हाय, मला न्हाई." दहा-दहा मिनिटं वाट बघायचे. आणि फोन व्याह्यांचा निघाला तर घरात असले तरी उभं राहून बोलायचे, जेवत असले तर ताटावरून उठून.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे त्याच संध्याकाळी परत येताना मी काय केलं ते. दिवस मावळलेला, मी कार चालवतोय, फोनवर 'पोचलात का' असा मेसेज उजळला. वाचला. वर बघितलं तर समोर उसाची ट्रॉली, मागं ना लाईट ना चमकणारी पट्टी, नुसतं वाढं लोंबतंय. ब्रेक लागला, वाचलो. मागच्या सीटवर बायकोच्या मांडीवर आंबिलाची बिंदगी (मडकं) होती. पुढचं सांगत नाही.

तुमच्याकडचे किस्से येऊ द्या. फोनचे, गाडीचे, आणि दादांच्या टोपीसारख्या खोडी असतील त्याही.

काळी माती
बिंदगी फुटली का नुसती सांडली?

मांजराकाठ
फुटली. गाडीला अजून ताकाचा वास येतोय.

काळी माती
आरारा. आंबील गेली म्हणजे वर्ष गेलं.

खडू_फळा
शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून राहवत नाही. ताशी ६० किमीनं चाललात तर सेकंदाला साधारण साडेसोळा मीटर. मेसेज वाचायला ५ सेकंद धरले तर ८३ मीटर. क्रिकेटची खेळपट्टी २० मीटरची, म्हणजे लागोपाठ चार खेळपट्ट्या डोळे मिटून. नववीच्या पोरांना हे गणित मैदानात पावलं मोजून करायला लावलं होतं. पोरं गप्प झाली. एकटा म्हणाला, सर तुम्हीच काल फोन कानाला लावून गेटातून आलात.

नुसतीच_वाचते
मी एरवी लिहीत नाही पण टोपी वाचून हसू आवरेना. आमच्या सासूबाईंची गंमत. सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही हे ठीक, पण फोनमध्ये सेव्ह करताना पण घ्यायचं नाही! मी विचारलं, मग काय लिहू? म्हणाल्या, "लिही काही बी." शेवटी 'ते' असं सेव्ह केलंय. फोन आला की स्क्रीनवर 'ते'. आणि बाकीचे सगळे नातेवाईक गावासकट. आत्या सेलू, आत्या भोकर, मावशी गंगाखेड, मामी परतूर. दोन आत्या भोकरच्या झाल्या तेव्हा एकीचं 'आत्या भोकर स्टँड' केलं, त्यांचं घर स्टँडजवळ आहे. भाकरी तव्यावर आहे, नंतर येते.

हुरडा_पार्टी
आत्या भोकर स्टँड!!! मेलो

बालाघाटचा
माझा किस्सा गाडीचा आणि मोटारीचा आहे, मोटार म्हणजे विहिरीवरची. आमच्याकडं थ्री फेज लाईट कधी दिवसा तर कधी रात्री. रात्री बारा वाजता थंडीत कोण उठून जाणार, म्हणून स्टार्टरला मोबाइलचा ऑटो बसवला. त्यात सिमकार्ड असतं. घरून फोन लावायचा, बाई सांगते लाईट आहे का नाही, बटण दाबलं की मोटार चालू. बायको म्हणते तुमची मोटार पहिल्या रिंगला उचलते, तुम्ही कधी उचलणार?

तर एकदा फोन पँटच्या खिशात, लॉक न करता, मी बाइकवर आष्टीकडं. रस्ता कसा आहे ते माहीतच आहे. खड्ड्यांनी बटणं दाबली गेली का काय, फोन गेला थेट मोटारीला. मोटार चालू झाली आणि मला पत्ता नाही. त्या दिवशी पाईप बांधावर टाकलेला होता. चार तास पाणी शेजारच्या हरभऱ्यात. हरभरा फुलात होता, त्याला त्या वेळी जास्त पाणी चालत नाही, नुसता पाला माजतो. तो माणूस आणि मी आज पण बोलत नाही. म्हणजे तो फोन करतो, पण लग्नपत्रिकेपुरता.

काळी माती
आमच्याकडं उलटं, मोटार उचलते पण लाईटच नसते.

गोदाकाठ
दादांच्या रुमालावरून आजी आठवली. ट्रायनं (फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोव्हेंबर २०१९ मध्ये ठरवून दिलंय की मोबाइलची रिंग ३० सेकंद आणि लँडलाईनची ६० सेकंद वाजणार. माझी आजी ८४ वर्षांची, गुडघे गेलेले. ती देवघरात असते आणि फोन बैठकीत चार्जिंगला, कारण 'देवापाशी बॅटरी नको'. ३० सेकंदात ती पाटावरून उठत पण नाही. त्यामुळे आम्ही नातवंडांनी पद्धत ठरवलीय. पहिला फोन म्हणजे उठ. दुसरा म्हणजे चाल. तिसऱ्याला उचलते. कोणी नवखा एकदाच लावून सोडून देतो, मग ती बैठकीत जाऊन बसते आणि आम्हाला विचारते, "कुणी उठवलं मला?"

मांजराकाठ
वा! दादांना पण तीन रिंगा लागल्या असत्या. टोपीला एक, पिशवीला एक, रुमालाला एक.

चहा_बिनसाखरेचा
माझी तक्रार. परभणी-जिंतूर एसटी, सकाळची, गच्च भरलेली. पुढच्या सीटवरचे एक काका स्पीकरवर. लग्नाची बोलणी चालू. पलीकडून आवाज, "पोरगी पसंत हाय, पण वावर कोरडवाहू हाय म्हणं?" काका म्हणाले, बोअर घेतलाय. पलीकडून, किती फूट? आता अख्खी बस कान देऊन. काका म्हणाले चारशे. तर मागून एक अनोळखी बाप्या ओरडला, "त्या शिवारात चारशेला पाणी लागत न्हाई हो, सहाशे सांगा!" पलीकडचा माणूस, "कोण हाय ते?" पुढं काय झालं ते कळायच्या आत माझा थांबा आला. दोन वर्षं झाली, अजून चुटपूट लागते की जमलं का नाही.

हुरडा_पार्टी
तुम्ही उतरलात कशाला? जिंतूरपर्यंत जायचं होतं.

चहा_बिनसाखरेचा
नोकरी आहे हो.

फुटाणेवाला
मी नेहमी जालना-नागपूर करतो, समृद्धीवरून. डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा चालू झाला तेव्हापासून. तिथं फोनपेक्षा झोपेची भीती. ताशी १२० ची मुभा, रस्ता सरळसोट, ना गाव ना बैल ना टपरी, डोळे उघडे ठेवून माणूस झोपतो. माझा उपाय म्हणजे मांडीवर फुटाण्याची पुडी. एका किलोमीटरच्या दगडाला एक फुटाणा, जास्त नाही. टरफलासकट. मित्र हसतात. फोन मात्र बंद करून डिकीत.

खडू_फळा
फुटाणा शोधायला खाली बघता ना? ते पण लक्ष जाणंच झालं.

फुटाणेवाला
बघत नाही, हाताला कळतं. आणि १२० ला कुठं, मी ९० ला चालवतो.

नियमावर_बोट
फुटाण्यावर कायदा नाही, फोनवर आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये चालवताना हातात फोन धरणं धोकादायक चालवण्यात मोडतं. पहिल्या वेळेला १,००० ते ५,००० दंड किंवा कैद, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमात फक्त रस्ता बघायला फोन वापरायची मुभा आहे, ती पण लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. रील बघणं म्हणजे रस्ता बघणं नव्हे, हे आमच्या मेहुण्याला कोणी सांगावं.

काळी माती
आणि ट्रॅक्टरवर डेक लावून दोन ट्रॉल्या ओढणाऱ्याला कोणतं कलम? मागून हॉर्न वाजवून घसा बसतो, म्हणजे हॉर्नचा. तो आपला गाण्यात.

बालाघाटचा
भाऊ, ती पोरं रात्रभर जागी असतात. कारखान्यावर नंबर लागायला दीड दीड दिवस. डेक नसता तर स्टेअरिंगवर झोपली असती. मी पण दोन हंगाम केलेत. पट्टी लावायला पाहिजे हे मात्र खरं. आमच्या मुकादमानं लाल रिबीन दिली होती, ती पोरांनी हँडलला बांधली, शोभेला.

टँकर_आला_का
लातूर, २०१६. एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या गल्लीत टँकर यायचा त्याच्या ड्रायव्हरच्या नंबराला मी वेगळी रिंगटोन लावली होती, कोंबडा आरवतो ती. जेवताना, ऑफिसात, एकदा तर चुलत सासऱ्यांच्या दहाव्याला, कोंबडा आरवला की मी पळत. दहाव्याला कोणी वाईट वाटून घेतलं नाही, उलट दोघी-तिघी माझ्यामागं घागरी घेऊन. आता नळाला पाणी आहे, ड्रायव्हरचा नंबर पण बदलला असेल. पण कुठं खरा कोंबडा आरवला तरी हात आधी हंड्याकडं जातो.

नुसतीच_वाचते
भाकरी करपली. पण हे वाचून डोळ्यात पाणी आलं ताई.

उंबऱ्याच्या_बाहेर
थोडं वेगळं लिहितो. आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६ चा भूकंप. आदल्या दिवशी गणपती बोळवून सगळे झोपलेले. मी सात वर्षांचा. आम्ही वाचलो कारण आई, मी आणि बहीण अंगणात झोपलो होतो, आत उकडत होतं म्हणून. काका मुंबईला गिरणीत. त्यांना रेडिओवर कळलं. गावात एकच फोन, तो ढिगाऱ्याखाली. तिसऱ्या दिवशी काका चालत आले.

पुढं घरी फोन आला तसा काकांनी रोज रात्री दहाला एक फोन करायचा नेम धरला. बोलणं एकच, "झोपलाव का?" आई म्हणायची, "न्हाई, बाहीरच हाव." ठेवला. काका २०१४ ला गेले. आता त्यांचा मुलगा करतो, कल्याणहून. आईचा फोन रात्री कधी सायलेंटवर नसतो, उशाखाली पण नसतो. उंबऱ्याच्या बाहेर एक फळी आहे, तिच्यावर.

गोदाकाठ
...

टँकर_आला_का
आईंना नमस्कार सांगा.

हुरडा_पार्टी
हे वाचल्यावर माझं फालतू वाटेल पण टाकतोच. "ओळखलं का?" म्हणून फोन सुरू करणाऱ्यांचं काय करायचं? मी आता "हो, ओळखलं" म्हणून सरळ बोलत सुटतो. एकदा पंधरा मिनिटं बोललो, पाऊसपाणी, सोयाबीनचा भाव, सगळं. शेवटी तो म्हणाला, साहेब मी क्रेडिट कार्डासाठी फोन केलाय.

काळी माती
सोयाबीनचा भाव ऐकून त्यानं कार्ड दिलंच नसेल.

नियमावर_बोट
मांजराकाठ, ती फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका हं. टोचू पण नका. पेट घेते.

मांजराकाठ
नाही लावली, काढून वाळूच्या डब्यात ठेवलीय, देणार आहे कुठंतरी. पण आतलं सिमकार्ड निघालं. मोठं, जुन्या मापाचं. आमच्या सालगड्याच्या बटणाच्या फोनात घालून बघितलं. रेंज नाही आली, पण नंबर दिसले. एकूण अकरा. दुकान. दवाखाना. बँक. मोटार मिस्त्री. व्याही. आत्या भोकर स्टँड वाचलं तेव्हाच मनात आलं होतं, तसंच निघालं. मी त्यात 'लातूर' आहे. धाकटा 'पुणे'. बहीण तेवढी नावानं आहे, तिला दिलं ते गाव त्यांना शेवटपर्यंत आवडलं नव्हतं.

नुसतीच_वाचते
दादा तो अकरावा नंबर कोणाचा?

मांजराकाठ
त्यांचा स्वतःचा. 'मी' म्हणून.

चहा_बिनसाखरेचा
जाता जाता, कोणी वेळ आमवश्येच्या भज्जीचं सांगा ना. सासर विदर्भाचं आहे, तिकडं हे माहीत नाही. ओली तूर, ओला हरभरा, वाटाणा, पावटे, मेथी, पातीचा कांदा आणि डाळीचं पीठ एवढं आठवतंय. चिंचेचा कोळ पीठ लावायच्या आधी का नंतर?

टँकर_आला_का
आमच्यात आधी.

काळी माती
नंतर. आधी घातली तर दाणे शिजत नाहीत.

टँकर_आला_का
दाणे उकडूनच घेतो हो आम्ही.